दगडाच्या पोटातली अदलाबदल

तेलविहीर आटली असं आपण म्हणतो, तेव्हा खाली निम्म्याहून अधिक तेल शिल्लक असतं. कित्येकदा तर दोन तृतीयांश. पन्नास वर्षं पंप चालवून, पाणी सोडून, नव्या विहिरी खणूनही माणसाच्या हाती लागतो तो लहान वाटा. मोठा वाटा दगड सोडत नाही.

कारण जमिनीखाली तेलाचं तळं नसतंच. असतो तो दगड, आणि दगडात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात, अमेरिकेच्या सीमेजवळ, वेबर्न नावाचं तेलक्षेत्र आहे. वर गव्हाची आणि कनोलाची सपाट शेतं, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. खाली साधारण 1450 मीटरवर चुनखडकाचा एक थर आहे, जेमतेम वीस-तीस मीटर जाडीचा. सुमारे 34 कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग विषुववृत्ताच्या आसपास होता, आणि हा चुनखडक तिथल्या उथळ, उबदार समुद्रात साचला. आज शेतांखाली गाडलेल्या या थराच्या छिद्रांमध्ये सुमारे 140 कोटी पिंपं तेल अडकून होतं.

हे तेल 1954 मध्ये सापडलं. सुरुवातीला ते खडकातल्या स्वतःच्या दाबानं वर आलं. दाब उतरला तसं 1964 पासून खाली पाणी सोडायला सुरुवात झाली आणि दोनेक वर्षांत उत्पादन रोजच्या 45 हजार पिंपांवर पोहोचलं. मग उतरण लागली. 1980 च्या दशकात ते दहा हजारांच्या घरात आलं. आडव्या विहिरी खणून थोडी उभारी मिळाली, पण विसावं शतक संपताना हिशोब मांडला तर चार पिंपांमागे जेमतेम एक पिंप बाहेर आलेलं होतं.

पाण्यानं काम का होत नाही, हे तेलकट कढई नुसत्या पाण्याखाली धरून पाहिलं की समजतं. पाणी वाहून जातं, तेलाचा थर तिथेच. खडकात तर छिद्रांची तोंडं केसाहूनही बारीक असतात. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांच्या सीमेवर ताण असतो, आणि त्या ताणामुळे तेलाचा थेंब अरुंद तोंडातून पुढे सरकू शकत नाही. पाणी त्याला वळसा घालून रुंद वाटेनं निघून जातं. या थेंबाला हलवायचं तर ढकलून भागत नाही, तो ताणच नाहीसा करावा लागतो. म्हणजे तेलात मिसळून जाणारं काहीतरी खाली पोहोचवायला हवं, तेही हजारो टनांनी, आणि परवडेल अशा किमतीत.

हे काम करणारा पदार्थ आपल्या प्रत्येक उच्छ्वासात असतो.

कार्बन डायऑक्साइड आपल्याला वायू म्हणूनच माहीत आहे. पण त्याच्या स्वभावाची एक बाजू पृथ्वीच्या पाठीवर सहसा दिसत नाही. 1822 मध्ये शार्ल कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं बंदुकीच्या नळीत द्रव आणि गारगोटीची एक गोळी घालून नळी दोन्हीकडून बंद केली, तापवली, आणि गोळी आत गडगडताना होणारा आवाज कान देऊन ऐकला. द्रव असेपर्यंत गोळी त्यात शिरताना जो आवाज येई, तो एका ठराविक तापमानानंतर येईनासा झाला. आत द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच पुसली गेली होती. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजनं हीच गोष्ट काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड घेऊन डोळ्यांनी पाहिली. नळी 31 अंश सेल्सिअसच्या आसपास येताच द्रवाचा पृष्ठभाग फिकट होत गेला, त्याची वक्रता सपाट झाली, आणि मग तो दिसेनासा झाला. उरला तो एकच एकजीव पदार्थ, ना द्रव ना वायू. त्या टोकाला शास्त्रज्ञ क्रांतिक बिंदू म्हणतात. कार्बन डायऑक्साइडसाठी तो 31 अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या सुमारे 73 पट दाब इथे येतो.

आता जमिनीत उतरा. जसजसं खोल जावं तसा वरच्या पाण्याचा भार वाढतो आणि पृथ्वीची ऊबही. साधारण 800 मीटरच्या खाली हा क्रांतिक बिंदू सहसा ओलांडला जातो. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही, खोलीच ते काम करते. वेबर्नच्या थरात तापमान साठ अंशांच्या आसपास आणि दाब हवेच्या शंभर-दीडशे पट. तिथे हा प्रवाही कार्बन डायऑक्साइड, म्हणजे द्रायू, द्रवासारखा जड असतो आणि वायूसारखा चपळ. वर एक टन कार्बन डायऑक्साइड ठेवायला पाचशे घनमीटरहून अधिक जागा लागते, खाली तोच टन दीड-दोन घनमीटरमध्ये मावतो. आणि त्याचा चिकटपणा इतका कमी असतो की पाणी जिथे अडतं तिथे तो शिरतो.

पुढे छिद्राच्या आत जे घडतं ते मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत देखणं वाटतं. सुरुवातीला कार्बन डायऑक्साइड आणि तेल परकेच असतात. पहिल्या भेटीत ते पूर्ण मिसळत नाहीत. पण थोडा कार्बन डायऑक्साइड तेलात विरघळतो, त्यामुळे तेल फुगतं आणि पातळ होतं. त्याच वेळी तेलातले हलके हायड्रोकार्बन सुटून कार्बन डायऑक्साइडमध्ये जातात. ही हलक्या रेणूंनी भारलेली धार पुढच्या छिद्रात ताज्या तेलाला भेटते, तेव्हा ती आधीपेक्षा थोडी अधिक तेलासारखी झालेली असते. तिथे ती आणखी रेणू उचलते. छिद्रामागून छिद्र, भेटीमागून भेट, दोघांमधला फरक कमी होत जातो, आणि दाब पुरेसा असेल तर एका ठिकाणी तो संपतो. सीमा उरत नाही, म्हणून ताणही उरत नाही. अँड्र्यूजच्या नळीत पृष्ठभाग नाहीसा झाला होता, इथे दोन वेगवेगळ्या पदार्थांमधला पृष्ठभाग नाहीसा होतो. दशकानुदशकं पाण्याला न जुमानलेला थेंब सुटतो आणि विहिरीकडे वाहू लागतो.

चपळपणाचा एक तोटाही आहे. इतका पातळ द्रायू सोपी वाट शोधून तेलाला मागे टाकत थेट दुसऱ्या विहिरीत निघू शकतो. म्हणून अभियंते काही काळ पाणी, काही काळ कार्बन डायऑक्साइड असे आळीपाळीनं सोडतात. पाण्यानं मोकळ्या वाटा भरल्या की कार्बन डायऑक्साइडला आडवाटांनी जावं लागतं. तेलाबरोबर जो वर येतो तो वेगळा काढून, दाबून, पुन्हा खालीच पाठवतात.

ही कल्पना वेबर्नची नव्हे. 1972 मध्ये टेक्ससच्या स्करी काउंटीतल्या तेलक्षेत्रात ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अमलात आली. त्यामागे हवामानाची चिंता नव्हती. नैसर्गिक वायू शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड साडेतीनशे किलोमीटर नळातून आणला गेला, तो निव्वळ तेलासाठी. पुढे मागणी वाढली आणि कोलोरॅडो, न्यू मेक्सिकोत जमिनीखाली निसर्गतःच साठलेला कार्बन डायऑक्साइड उपसून टेक्ससला नेला जाऊ लागला. लाखो वर्षं खडकानं सुखरूप सांभाळलेला वायू बाहेर काढून तो दुसऱ्या खडकात ओतायचा, हे मला आजही पटत नाही. पण त्या साठ्यांनी एक गोष्ट मात्र निर्विवाद दाखवून दिली. योग्य खडक मिळाला तर हा वायू अतिशय दीर्घकाळ खाली राहू शकतो.

वेबर्नचं वेगळेपण असं की तिथला वायू कारखान्यातून येतो, आणि तो खाली गेल्यावर त्याचं काय होतं यावर पहिल्या दिवसापासून शास्त्रज्ञांची नजर होती. सीमेपलीकडे अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात ब्युलाजवळ एक कारखाना आहे. 1970 च्या दशकातल्या तेलटंचाईनं घाबरलेल्या अमेरिकेनं कोळशापासून जाळण्याचा वायू बनवण्यासाठी तो उभारला, आणि 1984 मध्ये तो सुरू झाला. तिथला कोळसा लिग्नाइट जातीचा, आपल्या सह्याद्रीचा कातळ ओतून झाल्यानंतरच्या काळात वाढलेल्या दलदलीतल्या झाडांचा. कोळशाचा वायू करताना कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात निघतो. थंडगार मिथेनॉलनं वायू धुऊन तो वेगळा करावाच लागतो, नाहीतर माल विकण्याजोगा होत नाही. म्हणजे पकडण्याचा खर्च आधीच झालेला होता. तरी सोळा वर्षं तो हवेत सोडला जात होता. ऑक्टोबर 2000 मध्ये 330 किलोमीटरचा नळ सीमा ओलांडून वेबर्नला पोहोचला आणि रोज सुमारे 5 हजार टन कार्बन डायऑक्साइड खाली जाऊ लागला. सहा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा कार्बन 34 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळात. वेबर्नचं उत्पादन पुन्हा रोजच्या वीस हजार पिंपांवर गेलं, आणि आजवर तीन कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड तिथे मुरला आहे.

पण तो तिथेच कशावरून राहील? तेलापेक्षा हलका असल्यानं तो वर चढू पाहणारच. पहिला अडसर वरचा अभेद्य थर. वेबर्नमध्ये चुनखडकावर अॅनहायड्राइटचा घट्ट थर आहे, आणि त्याच्याही वर गाळाच्या खडकांचे जाड थर. तेल कोट्यवधी वर्षं तिथे टिकलं हेच या झाकणाचं प्रमाणपत्र. दुसरं, कार्बन डायऑक्साइडचा काही भाग खाऱ्या पाण्यात विरघळतो, आणि असं पाणी आधीच्यापेक्षा किंचित जड होऊन वर येण्याऐवजी खाली सरकतं. तिसरी गोष्ट समजली तेव्हा मी थक्क झालो. द्रायूचा लोट पुढे सरकल्यावर मागून पाणी येतं, आणि छिद्रांमध्ये कार्बन डायऑक्साइडचे सुटे थेंब मागे राहतात, त्याच अरुंद तोंडांमागे, त्याच ताणानं जखडलेले. ज्या हट्टानं दगडानं तेल धरून ठेवलं होतं, तेल काढणाऱ्यांना ज्यानं इतकी वर्षं हैराण केलं, तोच हट्ट आता कार्बनला बाहेर पडू देत नाही. तेलाला अडवणारं आणि कार्बनला राखणारं बळ एकच आहे.

खाली काय चाललंय हे वरून पाहण्यासाठी जमिनीत भूकंपलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी ऐकतात. वेबर्नमध्ये वायू सोडण्याआधीच असं एक चित्र काढून ठेवलं होतं. नंतर काही वर्षांच्या अंतरानं तसंच चित्र पुन्हापुन्हा काढलं गेलं, आणि आधीच्या चित्रातून नंतरचं वजा केलं की कार्बन डायऑक्साइड कुठवर पसरला ते दिसू लागलं.

यंत्रांनी दिलेला दिलासा मात्र वर राहणाऱ्या माणसांना पुरतोच असं नाही. जानेवारी 2011 मध्ये या क्षेत्रावर शेती असलेल्या एका दांपत्यानं जाहीरपणे सांगितलं की आपल्या जमिनीतून वायू बाहेर येतोय. शेतातल्या खाणीच्या डबक्यात बुडबुडे येत होते, पाण्यावर तवंग दिसत होता, आसपास मेलेले प्राणी सापडले होते. त्यांनी नेमलेल्या सल्लागारानं मातीतल्या वायूची तपासणी केली. कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण सीमेपलीकडून येणाऱ्या वायूशी जुळलं. पुरावा पक्का वाटला. पण लिग्नाइट म्हणजे मुळात झाडंच, आणि शेतातल्या मातीतला कार्बनही झाडामुळांचाच. दोघांची समस्थानिकांची खूण सारखी असणं स्वाभाविक होतं. खूण जुळली, पण ती कोणाची हे त्यावरून ठरत नव्हतं.

मग वेगळ्या तपासनिसांनी दुसरा मार्ग धरला. मुळं आणि सूक्ष्मजीव श्वास घेतात तेव्हा प्राणवायू वापरतात आणि त्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड सोडतात. एक वाढतो तसा दुसरा घटतो. खोलवरून गळती होत असेल तर कार्बन डायऑक्साइड वाढेल, पण प्राणवायू त्या हिशोबानं घटणार नाही. त्या शेतातल्या मातीत दोघांचा हिशोब चोख जुळला. पाण्यातल्या हेलियमसारख्या निष्क्रिय वायूंच्या तपासणीतही खोलवरच्या वायूची चाहूल लागली नाही. 2011 च्या अखेरीस निष्कर्ष आला की तो वायू जमिनीच्या स्वतःच्या श्वासाचा आहे. त्या दांपत्याची भीती मात्र मला कधीच अवाजवी वाटली नाही. आपल्या पायाखाली लाखो टन वायू दाबून भरला जात असेल, तर विचारण्याचा पहिला हक्क त्या जमिनीवर राहणाऱ्यांचाच. त्या तक्रारीमुळेच तर गळती ओळखण्याची ही साधी, सुंदर पद्धत मोठ्या तेलक्षेत्रावर कसाला लागली.

खरा धोका कुठे आहे हे 22 फेब्रुवारी 2020 रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या सटार्शिया गावानं पाहिलं. मुसळधार पावसानं उतारावरची माती खचली आणि तेलक्षेत्राकडे कार्बन डायऑक्साइड नेणारा नळ फुटला. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो उडून न जाता सखल भागाकडे पसरला. प्राणवायू न मिळाल्यानं धावत्या गाड्यांची इंजिनं बंद पडली. सुमारे 200 जणांना घरं सोडावी लागली, 45 जणांना रुग्णालयात जावं लागलं. कोणी दगावलं नाही. दीड किलोमीटर खोल खडक विश्वासू ठरला, तरी तिथवर नेणारा नळ हातभर मातीखालून गावांच्या शेजारून जातो, आणि त्याची काळजी भूगर्भ घेत नाही.

आता हिशोबाकडे येऊ, कारण तो टाळून या विषयाचं कौतुक करणं मला प्रामाणिक वाटत नाही. एक पिंप तेल जाळलं की सुमारे 0.43 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वेबर्नच्या मूळ योजनेत 2 कोटी टन वायू खाली घालून 13 कोटी पिंपं जादा तेल काढायचं होतं. भागाकार केला तर पिंपामागे 0.15 टन. म्हणजे खाली गेला त्याच्या जवळजवळ तिप्पट कार्बन त्या तेलातून वर आला. इतर काही क्षेत्रांत पिंपामागे याहून बराच जास्त वायू मुरवतात आणि दोन्ही बाजू जवळ येतात. हे पिंप नसतं तर दुसरीकडचं कुठलंतरी पिंप जाळलं गेलंच असतं, असा युक्तिवाद तेल कंपन्या करतात. त्यात अंशतः तथ्य आहे, पण बाजारात तेल वाढलं की ते थोडं स्वस्तही होतं आणि थोडं जास्त जाळलंही जातं. तेलाच्या भावावर बेतलेली व्यवस्था भावाबरोबरच डगमगते, हेही दिसून गेलं आहे. टेक्ससमधल्या पेट्रा नोव्हा प्रकल्पात वीजकेंद्राच्या धुरातून पकडलेला वायू तेलक्षेत्रात जाई. 2020 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि तो प्रकल्प बंद झाला. पुन्हा सुरू व्हायला 2023 उजाडलं.

हा हिशोब आपल्यापासून दूर नाही. मुंबई हायचं तेलही मुख्यतः चुनखडकातच आहे, आणि तिथेही मोठा वाटा दगडानं धरून ठेवलेला आहे. गुजरातमध्ये कोयली शुद्धीकरण कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून गांधार तेलक्षेत्रात सोडण्यासाठी ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांनी 2019 मध्ये करार केला. पवईच्या आयआयटीत कार्बन पकडण्याच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्रही आहे. उद्या आपल्याकडे अशी योजना आली तर पिंपामागे किती टन, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा.

वेबर्नजवळच, एस्टेव्हान गावापाशी, बाउंड्री डॅम नावाचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे. 2014 पासून त्याच्या तिसऱ्या संचाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या द्रावणात पकडतात. वर्षाला दहा लाख टनांची क्षमता ठरवली होती, ती गाठणं यंत्रांना जड गेलं आहे. पकडलेला बहुतेक वायू वेबर्नलाच विकला जातो. पण त्या केंद्राच्या शेजारीच अॅक्विस्टोअर नावाची एक विहीर आहे, जवळजवळ 3.4 किलोमीटर खोल. तेलक्षेत्रात न गेलेला वायू 2015 पासून तिच्यात सोडतात. खाली वाळूचा खडक आणि खारट पाणी आहे, तेल नाही. वर काहीच येत नाही, त्यामुळे तिथे खाली गेलेला प्रत्येक टन हिशोबात पूर्ण धरता येतो. विकायलाही काही मिळत नाही, म्हणून त्याचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. अमेरिकेनं 2022 च्या कायद्यात हा फरक ओळखला होता. तेल न काढता कायमचा पुरलेल्या टनामागे 85 डॉलरपर्यंत करसवलत, तेल काढण्यासाठी वापरलेल्या टनामागे 60. 2025 च्या कायद्यानं दोन्ही दर 85 वर आणून तो फरक मिटवला. हे मला मोठी चूक वाटते. तेलक्षेत्राला त्या टनाबरोबर विकायला पिंपही मिळतं, आता त्याच्या जोडीला तेवढीच सवलतही मिळेल, आणि अॅक्विस्टोअरसारखी विहीर अमेरिकेत खणण्याचं कारण गुंतवणूकदाराकडे तेवढं कमी राहील.